फोन कोणी उघडायचा

माझी सून जवेरिया बाथरूमला जाते तेव्हाही पोराला बरोबर नेते. बाळाची टोपली उचलते, आत नेऊन ठेवते आणि आतून कडी लावते. महिन्याचं पोर, अजून चाळीस दिवसांचा चिल्ला उतरला नाही त्याचा. घरात मी आहे, चार पोरं वाढवलेली सख्खी आजी, मेले नाही अजून. मी "दे इकडे" म्हटलं तर देते. बाप हात पुढे करतो तेव्हा मात्र हिची तऱ्हा सुरू. "आत्ताच झोपलाय." "दूध प्यायचंय." "पोट दुखतंय त्याचं." पोर टक्क जागं, छताच्या पंख्याकडे बघून पाय झाडतंय, आणि ही म्हणते झोपलाय. यासिर हात तसेच घेऊन माघारी फिरतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. असली वागणूक मी दाभोळात पाहिली नाही, इथे कुवेतमध्ये फरवानियात पाहिली नाही. श्रीवर्धनला रीत असेल तर माहीत नाही. ती तिकडची.

हे सगळं रविवारपासून. माझा यासिर एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. रविवारी ड्यूटीवरून आला तो तोंड पांढरंफटक. बूट न काढता जवेरियासमोर फोन धरला. "वाच," म्हणाला.

तिने वाचलं. इंग्रजी. मी चौथी शिकलेली, माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पण सुनेचा रंग उडाला ते वाचायला शाळा लागत नाही.

"काय झालं? नोकरी गेली?"

"नाय अम्मा. याचं खातं बंद केलंय कंपनीने. ईमेल, फोटो, सगळ्यांचे नंबर, सगळं."

"पैसे भरायचे राहिले?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यात लहान पोरांचं काहीतरी घाणेरडं सापडलं, असं लिहिलंय. पोरांना इजा करणारं. कायद्याच्या विरुद्ध."

"कुणाच्या पोरांचं?"

"ते नाय लिहिलं. काय सापडलं तेपण नाय लिहिलं."

आणि हे बोलता बोलता तिने पाळण्यातून पोर उचललं आणि छातीशी धरलं. मी ते पाहिलं. यासिरनेही पाहिलं. "त्यांची मिस्टेक आहे," एवढंच म्हणून तो आंघोळीला गेला आणि पाणी सोडून कितीतरी वेळ आतच राहिला.

कंपनी अमेरिकेतली. फोटो काढला की फोन तो आपोआप तिकडे पाठवून जपून ठेवतो म्हणे, क्लाउडमध्ये, म्हणजे ढगात. वर्षाचे दहा महिने इथे आभाळात ढग दिसत नाही, आणि माझ्या घरातलं सगळं ढगात! माझे मालक वारले त्याआधीचे त्यांचे अमगऱ्याच्या बाजारातल्या दुकानातले फोटो, पोरीच्या निकाहचे फोटो, आमच्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, कॉप्या, सगळं तिथे. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. ते गेलं तर गेलं. मला भीती वाटली ती दुसऱ्याच कारणाने. जवेरियानेच त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता सांगितलं, "अम्मा, कंपनी पोलिसांना कळवते. ज्या देशातला माणूस असेल तिथल्या."

तेव्हापासून आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की माझा हात थांबतो. इमारतीचा राखणदार हारिस पाण्याचं बिल मागायला आला तरी मी दार उघडायच्या आधी विचारते, "कोण? एकटा आहेस?" तो बिचारा हसतो. त्याला काय ठाऊक. इथे माणसाला एकदा पोलिसांनी बोलावलं की व्हिसा देणारा कफील विचारतो, कफील विचारतो म्हणून दवाखाना विचारतो, आणि शेवटी खरं काय ते कळेपर्यंत माणूस विमानात बसलेला असतो. आणि हे असलं नाव घेऊन गावात उतरायचं? त्यापेक्षा चोरीचं नाव बरं.

मी आई आहे त्याची. माझ्या पोराने असलं काही केलं नाही हे मी कुणालाही छातीठोक सांगेन, आणि त्या आठवड्यात जवेरियाला दोनदा सांगितलंही. पण खरं लिहायचं तर एकदा तो खाली बसून बूट घालत होता आणि मी पेज ढवळत त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाठीवरून काय कळतं? काही कळत नाही. पेज करपली.

त्याचं गप्प राहणं मला खात होतं. खोटं बालंट आलं तर माणूस ओरडतो, शिव्या देतो, कंपनीच्या आईबापाचा उद्धार करतो. त्याचे वडील शेजाऱ्याने पार्किंगवरून शब्द टाकला तर सगळी इमारत गोळा करायचे. आणि हा दोन घास खाऊन उठतो.

शुक्रवारी जुम्म्यानंतर जवेरियाचा मोठा भाऊ हुसेन आला. त्याचं एगैलाच्या मॉलमध्ये मोबाइलचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण आपल्याला फोनातलं कळतं म्हणजे सगळ्या जगातलं कळतं असं त्याला वाटतं. आला, सलाम केला, बसला नाही. चहा ठेवला, हात लावला नाही. यासिरसमोर हात पसरला, जसा दुकानात गिऱ्हाइकासमोर पसरतो.

"फोन दे."

"कशाला?"

"बघू. काय असेल ते बघू, आणि विषय संपवू. आपल्यातच राहील."

"नाही," यासिर म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पोलीस आले, त्यांनी सरकारी वकिलाचा, नियाबाचा कागद आणला, तर मी स्वतः उघडून देईन. तू पोलीस आहेस?"

"मी जवेरियाचा भाऊ हाय!"

"मग बहिणीच्या घरी आलायस. चहा पी."

हुसेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडे वळला. "खाला, तुम्ही सांगा याला. लपवण्यासारखं नसेल तर माणूस फोन लपवतो का?"

मला आतून अगदी तेच वाटत होतं. पण घरात येऊन, उभ्याउभ्या, माझ्या पोराची झडती? मी म्हटलं, "हुसेन, तुझ्या बायकोचं कपाट मी उघडून बघते उद्या एगैलाला येऊन. लपवण्यासारखं नसेल तर ती काय म्हणणार नाही."

"ते वेगळं, खाला."

"हो. त्यात फक्त कपडेच असतात."

इतक्यात जवेरिया आतून बाहेर आली, पोर खांद्यावर. "भाई, फोन बघू नका. नुसता पुसून टाका. सगळं पुसून नवा करा, तुम्हाला येतं ना दुकानात? विषयच संपेल."

"पुसल्याने काय होतंय, कंपनीकडे हायच ते," हुसेन म्हणाला. "आणि काय हाय ते कळायला नको?"

"नको," ती म्हणाली. इतक्या घाईने म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं. पण तेव्हा मला वाटलं, बिचारीला बघायची भीती वाटतेय.

हुसेनने मग दुसरी गोष्ट काढली. येत्या गुरुवारची दोन तिकिटं, बहीण आणि भाचा, मुंबई. तिथून श्रीवर्धन. "प्रकरण मिटेपर्यंत" म्हणाला. पोराला देशाबाहेर न्यायला बापाची सही लागली तर? तर यासिरने द्यावी.

मी यासिरकडे बघितलं. म्हटलं आता तरी उठेल. आता तरी म्हणेल, माझं पोर आहे, हात लावून बघ.

"देतो सही," यासिर म्हणाला.

मी घरं मोडलेली पाहिली आहेत. "प्रकरण मिटेपर्यंत" गेलेल्या पोरी मला माहीत आहेत. पोर पाच वर्षांचं होतं, बापाला फोनवर ओळखतं, आणि मग तेही नाही. आणि इथे तर गावात विचारतील, का आली? आणि हुसेन काय सांगणार, मोबाइलवाला?

शनिवारी मी आफियाला बोलावलं. आफिया माझ्या भावाची मुलगी, सिटीत एका कुवेती वकिलाकडे भाषांतराचं काम करते. पोरगी हुशार, लग्न करत नाही, तो विषय वेगळा. जवेरिया डॉक्टरकडे लस टोचायला गेली होती, यासिर ड्यूटीवर. तेवढ्यात मी तिला घावन वाढलं आणि सगळं सांगितलं.

ती ऐकून म्हणाली, "फुफी, पहिलं सांगते. फोन कुणाला देऊ नका आणि फोनातलं काहीही पुसू नका. पुसलं की दोषी दिसतं."

"हे लोक आमच्या फोटोत तोंड घालतातच कसे? इथे पोलिसालाही घरात शिरायला कागद लागतो."

"इथेही लागतो, तिथेही लागतो. त्यांच्या घटनेत लिहिलंय, सरकारने कोर्टाच्या कागदाशिवाय माणसाच्या घरात, सामानात हात घालायचा नाही. पण कंपनी सरकार नाही ना! कंपनीने आपल्या मनाने बघितलं तर ती घटना तिला अडवत नाही. शोधायची तिच्यावर सक्ती नाही. पण सापडलं, तर कळवायची सक्ती आहे."

"वा! म्हणजे पोलिसाने खिडकीतून बघायचं नाही, पण भाडेकरूच्या खोलीत मालकाने बघितलं तर चालतं, आणि मालकाने पोलिसाला जाऊन सांगायचंच."

"जवळजवळ तसंच. आणि त्यावर तिथे भांडणं चालू आहेत. कंपनीत बघतं कोण, तर यंत्र. समजा यंत्राने फोटो पकडला, कंपनीतल्या एकाही माणसाने उघडून पाहिला नाही, आणि पुढे पहिल्यांदा उघडला तो पोलिसाने. मग ती पोलिसाची झडती झाली की नाही? कागद लागतो की नाही? एक कोर्ट म्हणतं लागतो, दुसरं म्हणतं, यंत्राने बघितलेलंच त्याने बघितलं, नवीन काय?"

"यंत्राला काय कळतं घाण काय आणि चांगलं काय?"

"दोन तऱ्हा आहेत. आधी पकडलेल्या खऱ्या घाणेरड्या फोटोंचे ठसे ठेवलेले असतात, आपले इकाम्याला घेतात तसे. ठसा जुळला की सहसा चुकत नाही. आणि नवा फोटो असेल तर यंत्र अंदाज करतं. तिथे चुकतं. आणि फुफी, तोंड वाकडं करू नकोस. त्या यंत्रांमुळे पोरं सुटली आहेत नरकातून. आमच्या ऑफिसात एक प्रकरण मी भाषांतर केलं, मला आठवडाभर जेवण गेलं नाही. ती यंत्रं बंद करा असं मी म्हणणार नाही."

ज्या मेल्यांनी ते केलं असेल त्यांना वाळूत गाडा, माझी ना नाही. पण त्या मेल्यांच्या रांगेत माझा यासिर उभा कसा?

आफियाने हात धुतले आणि विचारलं, "घरात बाळाचा उघडा फोटो कुणी काढला होता? आंघोळीचा, औषध लावतानाचा? डॉक्टरला दाखवायला? अशांत पुष्कळ आईबाप अडकलेत."

"नाही."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? माझ्या घरात चिल्ला उतरेपर्यंत, चाळीस दिवस, पोराचा फोटो काढायचा नाही. नजर लागते. दवाखान्यातून आणलं त्या दिवशीच दोघांना बजावलंय. माझ्या चार पोरांना हाच नियम, जवेरियाने तोंड वाकडं केलं तरी पाळलाय."

आफियाने ओले हात ओढणीला पुसले. मग हळूच म्हणाली, "फोटो काढलेला असता तर बरं झालं असतं."

ती गेल्यावर मला त्याचा अर्थ लागला आणि मी किचनच्या स्टुलावर बसले. बाळाचा फोटो घरात नाहीच, तर मग कंपनीला सापडला तो कुणाचा? माझ्याच नियमाने माझ्या पोराच्या गळ्याभोवती दोर आवळला.

पुढचे दोन दिवस मी काय रांधलं आणि कोण काय जेवलं, मला विचारू नका. जवेरिया बॅगा भरत होती. पोराचे कपडे घडी करायची, मोडायची, पुन्हा घडी करायची. रडत नव्हती. यासिर आला की खोलीचं दार लोटून घ्यायची. एकदा मी बघितलं, तो बंद दारासमोर पिशवी हातात घेऊन उभा होता. पोराचे डायपर आणले होते. पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि गेला.

मंगळवारी मी श्रीवर्धनला व्याहिणीला फोन लावला. माझा विचार तिला चार शब्द सुनावायचा होता. लेकीचं घर मोडतंय आणि तुम्ही तिकडे गाद्यांना ऊन दाखवताय? पण ही बाई फोन उचलते ती बोलतच उचलते.

"ताहिराबेन, सलाम, कशा हाव? बाबू कसा हाय? मी म्हटलं येऊदेत, माझ्या पोरीला माहेरपण नाय मिळालं. तिकडे खतना केलात ते बरं झालं, इथे पावसाळ्यात जखम सुकत नाय. सुकली ना आता?"

"सुकली कधीच. तीन आठवडे झाले."

"तरी त्या दिवशी फोटोत लाल दिसत होती हो. मी आमच्या उस्मान म्हाताऱ्याला नेऊन दाखवला. पन्नास वर्षं खतने केलेत त्याने, त्याची नजर पक्की. तो म्हणाला काय घाबरायचं नाय, पावडर लावू नका म्हणावं, मोकळं ठेवा. मी लगेच कळवलं जवेरियाला."

"कुठला फोटो?"

पलीकडे गप्प. ही बाई गप्प बसली की समजायचं.

"काय नाय हो. जाऊदे. जवेरियाने... तुम्हाला आवडत नाय ना फोटो म्हणून..."

"कुणाच्या फोनवरून आला तो फोटो?"

"जावयाच्या. तिचा फोन तुम्ही घेता ना, तुमच्या लेकीशी बोलायला... मी दोष देत नाय हं ताहिराबेन. तिला भीती वाटली. पोरीच्या जातीला सासूची..."

"पोरीच्या जातीला आईची अक्कल यायला हवी होती," म्हणून मी फोन ठेवला.

म्हणजे असं होतं. पोराच्या सुंतेच्या जखमेवर मी रोज खोबरेल लावत होते, माझ्या हाताने, आणि माझी सून माझ्या पाठीमागे फोटो काढून कुठल्या म्हाताऱ्याला दाखवत होती! वर मलाच घाबरली म्हणे. मी काय वाघीण आहे? पण हा राग मी बाजूला ठेवला, नंतर काढायला. कारण राग येता येता दुसरं काही सुचलं. यासिर रक्त बघू शकत नाही. दवाखान्यात हाडांच्या काळ्या फोटोंत दिवस काढतो, पण पट्टी बदलायची वेळ झाली की चप्पल घालून खाली जायचा. तो फोटो त्याने काढला नाही हे मला कुणी सांगायला नको. आणि ज्याच्या फोनमधून गेला, त्याला तो माहीत नसेल?

संध्याकाळी मी यासिरला म्हटलं, खुबूस आणायला चल, मी येते. तो चकित झाला, मी कधी जात नाही. रोटीच्या इराणी भट्टीसमोर रांग होती. आम्ही गाडीतच बसलो, एसी चालू ठेवून.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं. "खतन्याचा फोटो."

त्याने स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत. "कुणी सांगितलं?"

"श्रीवर्धनच्या रेडिओने. तू का नाही बोललास?"

"अम्मा, प्लीज."

"प्लीज तुझ्या बॉसला. मला मराठीत सांग."

"काय सांगू? माझं नाव आहे खात्यावर. ते मला विचारतील. मी म्हटलं, फोटो बायकोने काढला, की ते तिला बोलावतील. ओली बाळंतीण, पोर अंगावर पितंय, आणि ती पोलिसांसमोर बसणार? त्या फोनात दिसतं कुणी काढला, कुणी पाठवला, खाली तिने काय लिहिलंय, सगळं. हुसेनने उघडला असता तर एगैलापासून श्रीवर्धनपर्यंत गाजलं असतं की पोरीनेच नवऱ्याला अडकवलं. मला विचारू देत. मी पुरुष आहे, बघून घेईन."

"आणि पोर तिकडे गेलं तर?"

"जवेरिया गेली तर सेफ राहील. तिला अजून माहीतही नाही कुठला फोटो ते. कळलं तर ती स्वतःला माफ करणार नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. भट्टीवाला कागदात गरम खुबूस गुंडाळत होता. मी विचार करत होते जवेरियाच्या त्या 'पुसून टाका'चा. माहीत नाही म्हणे. माझं पोर शिकलं, मशिनं चालवतं, माणसाच्या हाडापर्यंत बघतं. पण बायकोच्या तोंडाकडे बघून कळत नाही त्याला.

"खुबूस घे," मी म्हटलं. "गार होतील."

तिथल्या तिथे मी आफियाला फोन लावून सांगितलं. तिने लांब श्वास सोडला. म्हणाली, खतना केला त्या डॉक्टरकडून लेखी घ्या, तारखेसकट. कंपनीला अपील मी लिहून देते, आमचे वकील बघतील. खातं परत मिळेल याची खात्री नाही, कंपन्या ऐकतातच असं नाही. पोलिसांनी बोलावलं तर दोघांनी मिळून जायचं, वकिलाबरोबर, आणि आहे तसं सांगायचं. लपवायचं काही नाही आणि फोन पुसायचा नाही. "पण फुफी, दोघांनी मिळून. एकाने एकाला वाचवायला गेलं की गोष्ट जुळत नाही, आणि मग खरंच शंका येते."

मी जवेरियाशी लगेच बोलले नाही. तिला वेळ दिला. बुधवार संपूर्ण दिला. ती आपणहून येते का बघत बसले. लिफ्ट थांबायची, माझा हात थांबायचा, आणि ती आतल्या खोलीत चेन ओढायची, बॅगेची. आली नाही.

गुरुवारी दुपारी हुसेन गाडी घेऊन आला. दोन बॅगा दारापाशी उभ्या. यासिरने रजा घेतली होती, पासपोर्ट आणि सही केलेला कागद टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभा होता. जवेरिया पोराला गुंडाळून बाहेर आली. मी दारातल्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची मीच तिथे ओढली होती.

"खाला, उशीर होतोय," हुसेन म्हणाला.

"विमान आभाळात उडतं, माझ्या दारातून नाही. थांब." मी सुनेकडे बघितलं. "जवेरिया, तुझ्या अम्माला मी फोन केला होता. उस्मान म्हाताऱ्याने पावडर लावू नका सांगितलं म्हणे."

यासिर भिंतीपासून सुटला. "अम्मा, नको."

"काय पावडर? काय म्हातारा?" हुसेन.

जवेरिया खाली बसली, बॅगेवरच. पोर जागं झालं. ती माझ्याकडे न बघता यासिरकडे बघून बोलली, "मला रविवारीच वाटलं. वाचलं तेव्हाच वाटलं की तो फोटो असेल. मला वाटलं, मी बोलले तर बाबूला काढून घेतील माझ्याकडून. आई असून असं केलं म्हणून. इथे कोण ऐकणार? मग मी तुझी वाट बघत होते. तुझ्याच फोनमध्ये होता, तुला माहीत असणार. तू म्हणशील, अगं तो खतन्याचा फोटो असेल. तू म्हणालाच नाहीस. एकदाही नाही. मग मला वाटलं, याला माहीत आहे की तो फोटो नाही. दुसरं काहीतरी आहे."

यासिर बॅगेच्या बाजूला खाली बसला.

"म्हणून पोर द्यायची नाहीस," मी म्हटलं.

"हो." आता ती रडत होती. "मला रात्रंदिवस वाटायचं, मी चुकतेय. पण मी चुकत नसले तर? पोर माझं आहे, अम्मा. मी काय करायचं होतं?"

हुसेनने एकदा बहिणीकडे, एकदा यासिरकडे बघितलं. मग टेबलावरचा सहीचा कागद उचलला, दुमडला आणि हातातच धरून उभा राहिला. दुकानात पसरतो तो हात मिटलेला बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

पंख्याखाली आम्ही चौघं आणि ते पोर. बाहेर लिफ्ट थांबली, आमच्या मजल्यावर, कुणीतरी उतरलं, पलीकडच्या दाराकडे गेलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पोलीस उद्या येतील की कधीच येणार नाहीत, हे आफियालाही माहीत नाही. मी खुर्चीवरून उठले आणि सुनेसमोर जाऊन उभी राहिले.

"ऐक जवेरिया, एकदाच सांगते. पोराला जपलंस, त्यात तुझा गुन्हा नाही. माझ्या तान्ह्या पोराच्या बाबतीत मला शंका आली असती तर मीही कडी लावली असती. माझ्या मागे फोटो काढलास त्याचा हिशेब मी चिल्ला उतरल्यावर करीन, तो सोडणार नाही. पण त्या यंत्राला माणूस कळत नाही म्हणून ते चुकलं. तू तर याच्याशी निकाह केलायस, याच्या ताटात जेवतेस. यंत्राने न विचारता ठरवलं, तसंच तूही न विचारता ठरवलंस, आणि तेही स्वतःचा फोटो पोटात ठेवून. हा गाढव तुला वाचवायला गप्प बसला, तू स्वतःला वाचवायला गप्प बसलीस, आणि दोघांत त्याचंच तोंड काळं झालं. चूक तुझी मोठी. पोलीस आले तर दोघं जाणार आणि पहिलं तू बोलणार, हुसेनही बरोबर येईल आणि बाहेर बाकावर बसेल. तू कुठेही जात नाहीस. ऊठ त्या बॅगेवरून, आणि पोर त्याच्या बापाच्या हातात दे. रडायचं ते मग रड."